सरसेनापतींची सही आणि संयमाचा हिशेब

इंग्रजीतील ‘प्रेसिडेंट’ या एकाच पदनामासाठी मराठी वृत्तपत्रांनी दोन शब्द रूढ केले आहेत. दिल्लीत असतो तो राष्ट्रपती. वॉशिंग्टनमध्ये किंवा इस्लामाबादेत असतो तो अध्यक्ष. हा भेद केवळ शब्दांचा नाही, राज्यपद्धतीचा आहे. परंतु दहशतवादी हल्ल्याची बातमी आली की हा भेद आपण सोयीस्करपणे विसरतो. मग जळगावच्या स्टेशन रोडवर काय किंवा धुळ्याच्या पाचकंदील परिसरात काय, एकच सवाल ऐकू येतो. अमेरिकेचा अध्यक्ष एका रात्रीत विमाने धाडतो, तर आमच्याकडे हे धैर्य कोणी का दाखवीत नाही?

संतापाच्या भरात असा सवाल उमटणे स्वाभाविक आहे आणि त्यामागील वेदनेला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र या सवालात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. विमाने धाडण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, ही एक गोष्ट. आणि ती धाडणे शहाणपणाचे होते की नव्हते, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा निवाडा झाल्यावाचून दुसरीचा होऊ शकत नाही. राष्ट्रप्रमुखांची तुलना करावयाची तर त्यांच्या छातीचे माप घेऊन भागणार नाही. हुकूम सुटण्यापूर्वी त्यांना कोणाला विचारावे लागते आणि हुकूम सुटल्यानंतर कोणाला हिशेब द्यावा लागतो, हे पाहावे लागेल.

खानदेशाने या प्रश्नाचा विचार करावा याला विशेष कारण आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा भारताच्या संरक्षणदलांचे सर्वोच्च सेनापतिपद जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील यांच्याकडे होते. त्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या आरोपीविरुद्ध सरकारची बाजू मांडणारे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम हेही जळगावचेच. पुढे 28–29 सप्टेंबर 2016 च्या रात्री भारतीय सैन्याने नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई केली, तेव्हा केंद्रात संरक्षण राज्यमंत्री होते धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे, आणि त्याच दिवशी चुकून रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात सापडलेला जवानही धुळे जिल्ह्याचाच होता. सही करणारा हात, न्यायालयात युक्तिवाद करणारी वाणी, मंत्रालयातील खुर्ची आणि सीमेवरची बंदूक, अशा चारही ठिकाणी या दोन जिल्ह्यांतील माणसे होती. युद्ध आणि संयम हा आपल्यासाठी केवळ परराष्ट्र धोरणाचा विषय नाही, तो घरचा विषय आहे.

एका रात्रीचे तीन अध्यक्ष

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र या तुलनेसाठी जणू मुद्दाम योजली असावी, इतकी बोलकी आहे. कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईला तीन दिवस वेठीस धरले आणि 166 माणसांचे प्राण घेतले. मृतांत सहा अमेरिकन नागरिकही होते. त्या रात्री तीन देशांचे तीन राष्ट्रप्रमुख या घटनेशी बांधले गेले होते: दिल्लीत प्रतिभाताई पाटील, इस्लामाबादेत आसिफ अली झरदारी आणि वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज बुश.

यांपैकी बुश यांच्या हाती जगातील सर्वांत प्रबळ सैन्य होते आणि ते हलविण्याचा प्रत्यक्ष अधिकारही होता. सात वर्षांपूर्वी, 11 सप्टेंबर 2001 नंतर, त्यांनी तो वापरला होता. परंतु मुंबईनंतर याच बुश यांच्या परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझ्झा राइस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत आल्या, त्या दोन्ही देशांत युद्ध भडकू नये यासाठी. स्वतःच्या जखमेवर युद्धाचा लेप लावणारी सत्ता दुसऱ्याच्या जखमेवर संयमाचे औषध सुचविते, हा जागतिक राजकारणातील जुना अनुभव आहे.

झरदारी यांची स्थिती अधिक विलक्षण होती. हल्ल्याच्या अवघे चार दिवस आधी, 22 नोव्हेंबर रोजी, दिल्लीतील एका परिषदेशी दूरसंवादाद्वारे बोलताना पाकिस्तान अण्वस्त्रांचा वापर प्रथम करणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिले होते. त्या देशाचे लष्कर ज्या धोरणाला कधीच बांधलेले नव्हते, ते धोरण अध्यक्षांनी परस्पर जाहीर केले. हल्ल्यानंतर आपल्या लष्करी गुप्तहेर संस्थेच्या प्रमुखाला भारतात पाठविण्याचे पाकिस्तानी सरकारने कबूल केले आणि एकदोन दिवसांतच तो शब्द मागे घेतला. कागदावर लोकसभा विसर्जित करण्यापर्यंतचे अधिकार असलेल्या त्या अध्यक्षाला स्वतःच्याच एका अधिकाऱ्याला विमानात बसविता आले नाही. सत्तेचे पद आणि सत्तेचे ठिकाण या दोहोंतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

आणि दिल्लीत? राज्यघटनेच्या 53 व्या अनुच्छेदाने संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे; पण त्याच घटनेच्या 74 व्या अनुच्छेदाने त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेही आहे. 1948 च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढे मसुदा ठेवताना डॉ. आंबेडकरांनी हे निःसंदिग्धपणे सांगितले होते: भारताचा राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख असेल, कार्यकारी सत्तेचा नव्हे, त्याचे स्थान अमेरिकेच्या अध्यक्षासारखे नसून इंग्लंडच्या राजासारखे असेल. पुढे नोव्हेंबर 2009 मध्ये प्रतिभाताईंनी वयाच्या 74 व्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून उड्डाण केले. वैमानिकाच्या पोशाखातील त्यांचे छायाचित्र पाहून जळगावकरांचा ऊर भरून आला, तो योग्यच होता. परंतु त्या विमानात पुढच्या आसनावर वैमानिक होता आणि मागच्या आसनावर सरसेनापती. भारतीय घटनेतील राष्ट्रपतिपदाचे स्थान समजून घेण्यास यापेक्षा चांगले चित्र शोधूनही सापडणार नाही.

मागच्या आसनाचा अर्थ

हे मागचे आसन निरर्थक आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की, टिपणी एकाने लिहावयाची, शेरा दुसऱ्याने मारावयाचा आणि सही तिसऱ्याने करावयाची, या क्रमामागे केवळ दिरंगाई नसते. एकाच माणसाने टिपणी लिहून त्यानेच सही केली तर काम झटपट होते. पण चूक झाली तर ती दाखविणारा कोणीच उरत नाही. युद्धाची फाईल ही सर्वांत महाग फाईल असते. तिच्यावर जितक्या नजरा पडतील तितके राष्ट्राचे कल्याण.

1971 साली पाकिस्तानात काय घडले ते या दृष्टीने आठवावे. याह्याखान एकाच वेळी अध्यक्ष, लष्करी कायद्याचे प्रशासक आणि सरसेनापती होते. त्यांना ‘नको’ म्हणणारे कोणतेही घटनात्मक आसन देशात शिल्लक नव्हते. मार्च महिन्यात स्वतःच्याच पूर्वेकडील प्रजेवर त्यांनी सैन्य सोडले. डिसेंबरात देशाचे दोन तुकडे झाले आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. त्यापूर्वी 1965 मध्ये अयुबखान यांनी काश्मिरात घुसखोर पाठविण्याचा जुगार खेळला, तोही असाच मूठभरांच्या खोलीत शिजला होता. उलट 1971 मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या सहीने आणीबाणी पुकारली गेली ती 3 डिसेंबरला, पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केल्यानंतर. आणि ढाका पडल्यावर दुसऱ्याच दिवशी, 17 डिसेंबरला, पश्चिम आघाडीवर भारताने आपण होऊन युद्ध थांबविले. जिंकत असताना थांबणे हा संयमाचा सर्वांत अवघड प्रकार होय.

अमेरिकेत अध्यक्षाला विचारणारे कोणी असावे, ही दक्षता तेथील घटनाकारांनी घेतलीच होती. सैन्याचे नेतृत्व अध्यक्षाचे, पण युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, अशी ती विभागणी आहे. व्यवहारात मात्र 1942 नंतर अमेरिकेने औपचारिकपणे एकही युद्ध पुकारलेले नाही, आणि तरीही कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान व इराक येथे तिचे सैनिक वर्षानुवर्षे लढले. व्हिएतनामचा धडा घेऊन 1973 मध्ये काँग्रेसने अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून कायदा केला: सैन्य पाठविल्यावर 48 तासांत कळवा आणि संमती नसल्यास 60 दिवसांत ते परत आणा. तरीसुद्धा 2011 साली लिबियावर विमाने पाठविताना अध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने असा युक्तिवाद केला की, हे या कायद्याच्या अर्थाने ‘युद्धकृत्य’ नव्हेच! बॉम्ब पडत होते. शब्द तेवढा बदलला होता. 2001 च्या सप्टेंबरात, हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, अध्यक्षाला बळाच्या वापराची जी मुभा देण्यात आली ती प्रतिनिधिगृहात 420 विरुद्ध 1 मतांनी संमत झाली. विरोधात मत देणाऱ्या बार्बरा ली यांना त्या वेळी देशद्रोही ठरविण्यात आले. पुढे त्याच छोट्या ठरावाच्या आधारे अनेक देशांत अनेक वर्षे कारवाया झाल्या, तेव्हा त्या एकटीचे मत किती दूरदृष्टीचे होते हे पुष्कळांना कळून चुकले.

स्वभावावर विसंबलेला संयम

अमेरिकेच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट दिसते. एकाच अध्यक्षाच्या कारकिर्दीत संयम आणि उतावळेपणा शेजारी शेजारी नांदू शकतात. 1983 च्या ऑक्टोबरात बैरूतमध्ये 241 अमेरिकन सैनिक एका स्फोटात ठार झाले. कणखर म्हणून गाजलेल्या रोनाल्ड रेगन यांनी सूडाचे मोठे युद्ध केले नाही. चार महिन्यांत आपले सैनिक तेथून हलविले. ओबामा यांनी 2013 मध्ये सीरियावर हल्ला करण्याआधी काँग्रेसकडे धाव घेतली आणि त्या अवकाशात रासायनिक अस्त्रे नष्ट करण्याचा करार घडून आला. पण त्यांच्याच काळात मानवरहित विमानांचे हल्ले वाढले. डोनाल्ड ट्रम्प यांनी जून 2019 मध्ये इराणवरील हल्ला ऐन वेळी रोखला, कारण एका मानवरहित विमानाच्या बदल्यात दीडशे माणसे मारणे त्यांना प्रमाणाबाहेरचे वाटले. त्याच ट्रम्प यांनी जून 2025 मध्ये काँग्रेसची संमती न घेता इराणच्या तीन अणुकेंद्रांवर बॉम्बफेक केली.

यांपैकी कोणता निर्णय बरोबर आणि कोणता चूक, यावर विद्वानांत दुमत राहील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. जेथे संयम हा अध्यक्षाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून असतो, तेथे त्याचा भरवसा धरता येत नाही. सावकाराच्या मर्जीवर मिळणारे कर्ज आणि कायद्याने मिळणारे कर्ज यांत जो फरक, तोच येथे आहे. ऐंशीच्या दशकात वसंत साठे यांच्यासारख्या महाराष्ट्रातील नेत्यांनी भारतात अध्यक्षीय पद्धत आणावी असा आग्रह धरला होता आणि अधूनमधून तो सूर अजूनही उमटतो. झटपट निर्णय हे त्या पद्धतीचे मोठे आकर्षण. परंतु युद्धाच्या बाबतीत झटपटपणा हा गुण की दोष, याचे उत्तर इराकने दिले आहे. ज्या संहारक अस्त्रांसाठी 2003 चे युद्ध झाले, ती अस्त्रे सापडलीच नाहीत.

संयम म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे

येथे प्रामाणिक वाचक हरकत घेईल. संसदेवर 2001 साली हल्ला झाला, मुंबईच्या लोकलगाड्यांत 2006 साली स्फोट झाले, 2008 साली पुन्हा मुंबईच होरपळली. मग संयमाने मिळविले काय? ही हरकत उडवून लावण्याजोगी नाही. नुसता संयम हा दुबळेपणाचाच दुसरा अवतार ठरू शकतो.

2008 नंतर भारताने प्रतिहल्ला केला नाही हा निर्णय मंत्रिमंडळाचा होता. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी पुढे 2016 मध्ये पुस्तकात नमूद केले की, त्या वेळी त्यांचे स्वतःचे मत प्रतिहल्ल्याच्या बाजूचे होते. मात्र मागे वळून पाहता न करण्याचा निर्णयच योग्य होता असे त्यांना वाटते. हल्ला केला असता तर जगाच्या दृष्टीने तो दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमधला नेहमीचा तंटा ठरला असता. हल्ला न केल्याने पाकिस्तान एकटा आरोपीच्या पिंजऱ्यात राहिला.

परंतु संयमाची खरी कसोटी पुढे लागते. त्या रात्री राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो दिल्लीजवळून मुंबईत पोहोचेपर्यंत पहाट उजाडली, कारण मुंबईत त्यांचा तळच नव्हता. 2009 मध्ये मुंबईसह चार शहरांत तो उभा राहिला. राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा संसदेने त्याच डिसेंबरात केला आणि 31 डिसेंबर 2008 रोजी त्यावर प्रतिभाताईंची सही झाली. विमाने धाडण्याच्या हुकमाला जेवढी प्रसिद्धी मिळाली असती, तिच्या शतांशही या सहीला मिळाली नाही. तरीही दहशतवादाशी लढण्याचे रोजचे, नीरस आणि टिकाऊ काम अशाच सह्यांनी होत असते.

दुसरे काम न्यायालयात झाले. अजमल कसाबवर आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात उघड खटला चालला. त्याला वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, सहआरोपी म्हणून उभे केलेले दोन भारतीय पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मे 2010 मध्ये शिक्षा झाली, ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात तपासली गेली, दयेचा अर्ज राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी फेटाळला आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात ती अमलात आली. गुन्ह्यापासून शिक्षेपर्यंत चार वर्षे. आता अमेरिकेकडे पाहावे. अध्यक्षाच्या अमर्याद अधिकाराने ग्वांटानामो येथे जानेवारी 2002 मध्ये तुरुंग उघडला. सुमारे 780 कैदी तेथे नेण्यात आले. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणविला जाणारा आरोपी 2003 पासून कोठडीत असूनही 2025 च्या मध्यापर्यंत त्याचा खटला निकाली निघालेला नव्हता; छळ करून मिळविलेल्या कबुलीजबाबांचे काय करावे, यातच ते लष्करी न्यायपीठ अडकून पडले. कायद्याला वळसा घालून जवळची वाट धरणारा अध्यक्ष रानात हरवला आणि सडकेने चालणारे जळगावचे वकील मुक्कामी पोहोचले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आपली बाजू निष्कलंक आहे असा मात्र भ्रम नको. दयेच्या अर्जांवरील विलंबाने आपलीही शोभा झाली आहे. राजीव गांधी यांच्या मारेकऱ्यांचे अर्ज अनेक वर्षे पडून राहिले. प्रतिभाताईंच्या कारकिर्दीत, 2011 साली, ते फेटाळले गेले आणि झालेल्या विलंबापोटीच 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली. फाईल अडवून ठेवणे म्हणजे संयम नव्हे.

रेषेवर थांबलेली कारवाई

2016 पासून भारताचे धोरण बदलले, हेही मान्य केले पाहिजे. उरीनंतर नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलिस दलाचे 40 जवान मारले गेले, त्यांत जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोघे होते; त्यानंतर बालाकोटवर विमाने गेली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 जणांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्राचे सहा होते; त्यानंतर 7 मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले. सरकार वेगळे, धोरण वेगळे. पण 2016 च्या कारवाईतही संयमाचा एक अंश होता, तो नजरेआड करू नये. कारवाई उरकताच लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी ती संपल्याचे, पुढे चालविण्याचा इरादा नसल्याचे आणि पाकिस्तानी समकक्षाला तसे कळविल्याचे जाहीर केले. दार उघडे राहिले म्हणूनच धुळे जिल्ह्यातील तो जवान जवळजवळ चार महिन्यांनी, 21 जानेवारी 2017 रोजी, वाघा सीमेवरून परत येऊ शकला. युद्ध भडकले असते तर त्याच्या घरच्यांनी किती वर्षे वाट पाहिली असती? मोठ्या शब्दांनी बोलणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

आणि पराक्रमाच्या धुंदीत काय निसटते याचीही नोंद हवी. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, 27 फेब्रुवारी 2019 रोजी, श्रीनगरजवळ आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि हवाई दलाचे सहा जण प्राणास मुकले. शस्त्र एकदा म्यानाबाहेर आले की ते आपला आणि परका ओळखतेच असे नाही.

हिशेब कोणाकडे मागावयाचा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर युद्धाचा निर्णय हा असा एकमेव खर्च आहे की, ज्याचे अंदाजपत्रक आधी मांडले जात नाही आणि देयक मात्र पिढ्यान्‌पिढ्या येत राहते. हे देयक किती दूरवर पोहोचते, याचे उदाहरण जळगावच्या सराफ बाजारातच मिळेल. चीनच्या आक्रमणानंतर 26 ऑक्टोबर 1962 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या सहीने आणीबाणी जाहीर झाली. त्या आणीबाणीतून भारत संरक्षण नियम आले, आणि त्याच नियमांना जोडून जानेवारी 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास बंदी झाली. हिमालयात झालेल्या लढाईची झळ खानदेशातील सोनाराच्या शेगडीपर्यंत पोहोचली. तिने कितीकांची शेगडी विझवली. लढाई महिनाभरात थांबली. आणीबाणी जानेवारी 1968 पर्यंत चालली. आणि सुवर्णनियंत्रणाचा कायदा पुस्तकातून गेला तो 1990 साली. 1971 मध्येही निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचा अधिभार बसला होता. तो लोकांनी आनंदाने दिला, कारण तो कशासाठी आहे हे त्यांना सांगितले गेले होते.

1962 च्या त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यात महिला होमगार्डची उभारणी झाली आणि नुकत्याच आमदार झालेल्या प्रतिभाताई तिच्या प्रमुख होत्या, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे. सामान्य माणसाने त्या वेळी सरकारला सर्व काही दिले. आणि सरकारनेही एक गोष्ट केली: लढाई चालू असताना, 8 नोव्हेंबर रोजी, संसदेचे अधिवेशन मुदतीपूर्वी बोलावले. पंडित नेहरूंवर सभागृहात कठोर टीका झाली, ती त्यांनी ऐकून घेतली. संरक्षणमंत्री बदलले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. पराभवाच्या छायेतही हिशेब देण्याची ती वृत्ती हीच लोकशाहीची खरी तटबंदी होती.

त्या मापाने पाहिले तर पुढील इतिहास समाधानकारक नाही. 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची बैठक झाली नसतानाच आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर सही केली. मागच्या आसनावरील माणसाने प्रश्नच विचारला नाही तर काय होते, हे देशाने एकवीस महिने अनुभवले. त्या अनुभवातूनच 44 वी घटनादुरुस्ती झाली. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याखेरीज राष्ट्रपतींनी अशी घोषणा करू नये, असे बंधन तिने घातले. आणि मंत्रिमंडळाचा कोणताही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकारही राष्ट्रपतींना दिला. एकदाच परत पाठविता येतो, हे खरे. पण युद्धाच्या रात्री एकदा थांबून विचार करणे ही लहान गोष्ट नाही.

2025 च्या मे महिन्यात चार दिवसांच्या संघर्षानंतर 10 तारखेला शस्त्रे थांबली. ती थांबल्याची पहिली वार्ता भारतीय जनतेला अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवेदनातून कळली. आपल्या परराष्ट्र सचिवांचे निवेदन त्यानंतर आले. थांबण्याचा निर्णय दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या थेट बोलण्यातून झाला, तिसऱ्या कोणाची मध्यस्थी नव्हती, असे भारत सरकारने वारंवार सांगितले आहे. ते मान्य करूनही एक खंत उरते. संसदेत या विषयावर सविस्तर चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस. लढाई चालू असताना संसद बोलावण्याचा 1962 चा पायंडा आपण मोडला. आपल्या सैन्याच्या संयमाची बातमी आपल्याला परक्या अध्यक्षाकडून कळावी, हे कोणत्याही स्वाभिमानी लोकशाहीला शोभणारे नाही.

तेव्हा चौकातील सवाल थोडा बदलून विचारणे आवश्यक आहे. आमचा राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षासारखा का नाही, हा तो सवाल नव्हे. तो तसा नाही हे आपले भाग्यच आहे. आमचे मंत्रिमंडळ लोकसभेला हिशेब देते काय आणि आमचा खासदार तो मागतो काय, हा खरा सवाल होय. हल्ला केला तर तो का केला, नाही केला तर त्याऐवजी काय केले, किती खर्च झाला, किती प्राण गेले, किनाऱ्यावर गस्त आहे की नाही, तपास कोठवर आला, हे प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचा अपमान नव्हे. ज्या घरांतून सैनिक जातात त्या घरांचा तो पहिला हक्क आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांनी सरसेनापतीही दिला आणि सैनिकही दिला. आता त्यांनी हिशेब मागणारा नागरिकही द्यावा. कारण अधिकाराच्या पुढच्या आसनावर कोणीही बसलेला असो, विमानाचे भाडे अखेर त्यालाच भरावयाचे असते.